तक्ता नाही पाठवत, पत्र पाठवते

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, कोणत्या जखमेला कोणतं ड्रेसिंग याचा तक्ता करून पाठव, भिंतीला लावते." तक्ता नाही पाठवत. भिंतीवर तक्ता लागला की माणूस जखमेपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतो. आणि तुझ्या उपकेंद्राच्या कपाटात गॉज, कापूस, बँडेजचे रोल, आयोडीन आणि नशीब जोरावर असेल तर पॅराफिन गॉज, म्हणजे पॅराफिनात भिजवलेली, जखमेला न चिकटणारी जाळी. फोम, अल्जिनेट वगैरे ओल शोषणारी ड्रेसिंगं इथे नागपूरला मेडिकल कॉलेजच्या समोरच्या दुकानांतून आणायची. तरी कोणाचं काम काय ते कळलं, की कपाटात जे आहे त्यात भागवता येतं.

जखमेला किती पाणी सुटतंय ते आधी बघ. कोरडी असेल तर ओल द्यायची, फार वाहत असेल तर शोषून घ्यायची, बेताची ओल असेल तर तेवढीच टिकवायची. बाकीची सगळी नावं याच्याच पोटात येतात.

गावात तुला सगळे सांगतील, "उघडी ठेवा मॅडम, हवा लागू द्या, खपली धरेल." १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या वरवरच्या जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या जवळपास दुप्पट वेगाने नव्या कातडीने भरल्या. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना ओल शोधत खालून वाट काढावी लागते, ओलसर जागेवर त्या सरळ पुढे सरकतात.

गाडीवरून पडून खरचटलेला गुडघा तुझ्याकडे रोज येईल. आधी सलाईनने, नाहीतर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धू. अडकलेली खडी काढ, नाहीतर कातडीखाली काळे डाग कायमचे राहतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना बरं वाटतं, पण तो नव्या पेशींनाही मारतो. धुतल्यावर पॅराफिन गॉज, वर साधा गॉज, मग बँडेज. नुसता कोरडा गॉज ठेवलास तर दुसऱ्या दिवशी तो जखमेतून पाझरणाऱ्या लसीत वाळून घट्ट बसतो. ओढून काढला की नवी आलेली गुलाबी कातडी त्याच्या जाळीत अडकून बाहेर येते, बारीक लाल ठिपके उमटतात आणि पेशंट टेबलाची कड धरतो. चिकटलेला दिसला तर सलाईन ओत आणि थांब. बाहेर रांग असली तरी थांब.

संक्रांतीत इथे काय चालतं ते तू लहानपणापासून बघतेस. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी माणसं कापून येतातच. मांजाची जखम बारीक दिसते पण खोल असते. बोट कापलं असेल तर पट्टी बांधायच्या आधी बोट वाकवून, सरळ करून दाखवायला सांग. एखादा सांधा हलला नाही तर आतली दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायुबंध, तुटली असं समज आणि टाके न घालता पुढे पाठव. साध्या टाक्यांवरची पट्टी पहिले ४८ तास उगाच उघडू नकोस.

भाजलेल्यावर आधी २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई लावून येतील, त्यांना रागावू नकोस, धुऊन काढ. वरवर भाजलेलं असेल तर पॅराफिन गॉज पुरतो. पांढऱ्या सिल्व्हर मलमाचा जाड थर दिला की खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि उथळ जखम उशिरा भरते. मुंबईत डॉक्टरांनी भाजलेल्यांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या साली आणि निर्जंतुक केलेली केळीची पानं वापरून पाहिली आहेत. पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही. तू मात्र परसातलं पान तोडून लावू नकोस बाप्पा, त्यांचं पान ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक केलेलं असतं.

आता वाहणाऱ्या जखमा. घोट्याच्या वर, शिरा फुगलेल्या पायावर महिनोन्महिने पाझरणारा व्रण. पट्टी सोडलीस की जखमेची कड धुणं धुतलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसेल. म्हणजे पट्टी कमी पडतेय. इथे फोम किंवा अल्जिनेट. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून करतात, लस शोषून त्याचा जेल होतो. कोरड्या जखमेवर तो ठेवलास तर तिथेच वाळून बसेल. पण असा पाय खरा बरा होतो तो दाबपट्टीने आणि पाय उंच ठेवून. दाबपट्टीआधी पावलाची नाडी बघ. ती लागत नसेल तर दाब देऊ नकोस, डॉक्टरांना दाखव.

सगळ्यात जास्त भीती मला साखरेच्या पेशंटच्या टाचेची वाटते. काळी, कोरडी, टणक खपली, आजूबाजूला लाली नाही, पू नाही. हात शिवशिवतो ती मऊ करून काढायला. रक्तपुरवठा कमी असेल तर ती कोरडीच राहू दे, जेल नको, भिजवणं नको. ओली झाली की जंतूंना दार उघडतं. कोरडा गॉज बांध आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठव. वास, सूज, ताप असेल तर संध्याकाळपर्यंतही थांबू नकोस.

कुत्रा चावला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धू, घट्ट पट्टी नको, टाके नकोत, रेबीजच्या लशीसाठी लगेच पाठव. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते प्रत्येक जखमेला विचार.

मे महिन्यात घामाने टेप सुटतो. म्हणून जास्त टेप मारण्यापेक्षा रोलर बँडेज गुंडाळ. म्हाताऱ्या माणसांच्या कातडीवर तर टेप नकोच, सोलून निघते.

अडलं तर फोटो पाठव, पण पट्टीसकट नको. धुतल्यानंतरचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न दाखवता. आणि काढलेल्या पट्टीचा वेगळा फोटो, ती किती भिजली ते मला त्यात दिसेल. शनिवारी गडचिरोलीच्या गाडीने पॅराफिन गॉजचे दोन डबे आणि तुझी निळी शाल पाठवते.

तुझी,
आई