दहा मिनिटांच्या चिकनमध्ये चिरायचा वेळ कोण धरणार?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही "१० मिनिटांत चिकन स्टर फ्राय" छापलंत. फोटो झकास होता, नाही म्हणणार नाही. पण रेसिपी लिहिणाऱ्यांनी आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिसातून आल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना ती एकदा तरी करून बघितलीये का असा प्रश्न पडला. कारण त्यात साहित्य लिहिताना "चिकन बोनलेस, पातळ काप करून", "गाजर उभं चिरून", "फरसबी तिरकी चिरून", "लसूण बारीक चिरून" असं सगळं आधीच चिरून तयार आहे आणि मग घड्याळ सुरू होतं. अहो चिरणार कोण? ते दहा मिनिटांत धरलेलंच नाही. चिकनच्या पट्ट्या, चार भाज्या, आलं-लसूण, पातीचा कांदा, हे सगळं एका माणसाने करायचं म्हणजे वीस मिनिटं कुठे गेली नाहीत. खरं सांगायचं तर ही अर्ध्या तासाची रेसिपी आहे आणि अर्धा तास काय वाईट आहे का? रात्री आठला घरात शिरलो की साडेआठला ताट वाढलेलं, हे हिंजवडीहून किंवा हडपसरहून धायरी-वडगावपर्यंत येणाऱ्या माणसाला खूप झालं. दहा मिनिटं छापून उगाच माणसाला वाटायला लावायचं की आपणच स्लो आहोत.

आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे नॉनव्हेजचे वार, बऱ्याच घरी असतात तसे. रविवारी रस्सा, वाटण, सुकं, सगळं साग्रसंगीत होतं, त्याच्या रेसिप्या तुम्ही पोत्याने छापता. बुधवारचं काय? बुधवारी कोणी खोबरं भाजत बसत नाही. मग एकतर अंडाकरी नाहीतर मोबाईल काढून चायनीज मागवायचं, ते डबे येईपर्यंत पाऊण तास, आणि आल्यावर चिकन कमी आणि लाल रंग जास्त. म्हणून स्टर फ्राय हा प्रकार मला फार कामाचा वाटतो आणि म्हणूनच तो धड छापला जावा असं वाटतं. तुमच्या रेसिपीतल्या दोन गोष्टी मला अजिबात पटलेल्या नाहीत, त्या सांगते.

पहिली म्हणजे "चिकन तीन-चार पाण्यातून स्वच्छ धुऊन घ्यावे". आम्ही सिंहगड रोडवाले हे वाचून जरा दचकतोच. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच भागात, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव इकडे, जीबीएस म्हणजे गिया-बारे या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले, पुणे परिसरात मिळून आकडा दोनशेच्या वर गेला. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. मुख्य संशय पिण्याच्या पाण्यावर होता हे खरं, पण हाच जंतू कच्च्या चिकनवरही असतो, आणि तेव्हा पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवून खा असं सगळीकडून सांगत होते. लोकांनी काय केलं, चिकनच बंद केलं काही दिवस. आमच्या चिकनवाल्याच्या दुकानात माशी उडत नव्हती. आणि नंतर पुन्हा सुरू केलं ते पूर्वीसारखंच, नळाखाली धो धो पाण्यात धुऊन.

आता नळाखाली धुतल्याने होतं काय की जंतू काही जात नाहीत, ते मरतात शिजवल्यावर. पाण्याचे बारीक शिंतोडे मात्र सिंकभर उडतात, बाजूला पालथ्या घातलेल्या ताटांवर, चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर, ओट्यावर. आणि कोथिंबीर आपण वरून कच्चीच घालतो. म्हणजे चिकन शिजलं नीट आणि आजारी पडलो कोथिंबिरीने असं होऊ शकतं. बाहेरचे आरोग्यवाले कधीपासून सांगताहेत की कच्चं चिकन धुऊ नका. पण आपल्याकडे हे पचायला अवघड आहे हे मलाही माहितीये, सासूबाईंसमोर न धुतलेलं चिकन कढईत टाकून बघा तुम्ही, आणि आपल्या दुकानातून येणाऱ्या चिकनला पिसाचं एखादं तूस किंवा हाडाची कच लागलेली असतेच. तर मधला मार्ग असा की वाहत्या नळाखाली धरू नका, खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुडवून काढा, ते पाणी सावकाश ओता, मग सिंक आणि हात साबणाने धुवा. आणि चिकन टिश्यूने किंवा जुन्या सुती फडक्याने टिपून कोरडं करा, फडकं लगेच वेगळं धुवायला टाका. हे कोरडं करणं स्टर फ्रायमध्ये सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तुमच्या रेसिपीत त्याचा उल्लेखच नाही.

कारण दुसरी गोष्ट, "मोठ्या आचेवर परतून झाकण ठेवून एक वाफ आणावी". इथेच सगळं बिघडतं. झाकण ठेवलं की चिकनचं सुटलेलं पाणी कढईतच राहतं, आणि पाणी आहे तोपर्यंत कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही. चिकनला जो तांबूस रंग आणि भाजका वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे झाकण ठेवून आपण स्टर फ्राय करत नसून चिकन उकडत असतो, मग ते पांढरट, रबरासारखं होतं आणि खाली पांढुरकं पाणी. मग ते पाणी आटवायला अजून दहा मिनिटं, तोपर्यंत ढोबळी मिरचीचा लगदा. हॉटेलातला शेगडीचा जाळ आपल्या घरी नाही, आपला गॅस कितीही फुल केला तरी त्याच्या जवळपास जात नाही, म्हणून आपल्याला एकच उपाय आहे, थोडं थोडं टाकायचं. अर्धा किलो चिकन एकदम ओतलं की कढई थंड पडते. दोन घाण्यांत करा, पहिली घाणी काढून ताटलीत ठेवा, मग दुसरी. वेळ उलट वाचतो.

कढई म्हणाल तर नॉनस्टिक नको. रिकामं नॉनस्टिक भांडं फुल गॅसवर तापत ठेवलं तर त्याचा थर साधारण २६० अंशांनंतर खराब व्हायला लागतो, आणि इथे तर आपल्याला कडकडीत तापवायचंच आहे. घरात लोखंडी कढई असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर बिडाचा तवा घ्या, घावन-आंबोळीचा असतो तो. मला तर तो कढईपेक्षा बरा वाटतो, पसरट असल्यामुळे पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत. तवा रिकामाच चांगला तापू द्यायचा, पाण्याचा थेंब टाकला की तो न बसता टणाटण पळाला पाहिजे, मग तेल. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घ्या, ते जास्त तापमान सोसतं. घाण्याचं तेल चवीला कितीही चांगलं असलं तरी ते लवकर धुरकटतं, ते शेंगदाण्याच्या चटणीवर घालायला ठेवा. चिकन टाकलं की चर्रर्र आवाज आला पाहिजे आणि तो तसाच चालू राहिला पाहिजे. आवाज बसून बुडबुड सुरू झाली की समजायचं पाणी सुटलं, जास्त टाकलंय. आणि टाकल्या टाकल्या उलथनं घालून हलवत बसायचं नाही, अर्धा-पाऊण मिनिट तसंच राहू द्यायचं, एका बाजूला रंग येतो, मग आपोआप तव्याला सोडतं. स्टर फ्राय म्हणजे सतत ढवळायचं असं कोणी सांगितलंय कोणास ठाऊक.

आता मऊपणाचं. चायनीजच्या गाडीवरचं चिकन मऊ कसं लागतं असं लेक विचारायची, तर त्यात काही जादू नाहीये. अर्धा किलो बोनलेसला दोन चहाचे चमचे सोया सॉस, दोन चमचे कॉर्नफ्लॉवर, एका अंड्यातलं पांढरं आणि चमचाभर तेल, हाताने नीट चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, तेवढ्यात भाज्या चिरून होतात. कॉर्नफ्लॉवर आणि अंड्याचा पातळ थर बसतो, तो आधी शिजतो आणि आतला रस आत राहतो. पिवळं उरतं ते सकाळच्या ऑम्लेटमध्ये. आणि काप करताना चिकनमध्ये रेषा दिसतात ना, त्या रेषांना आडवी सुरी चालवायची, रेषांबरोबर नाही. आडवं कापलं की धागे तुटून आखूड होतात आणि दातात अडकत नाहीत. पट्टी अर्धा सेंटीमीटर जाड, जास्त नको. सुरी घसरत असेल तर चिकन अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जरा कडक करा, लोण्यासारखं कापलं जातं. नाहीतर चिकनवाल्यालाच सांगायचं, "बोनलेसच्या लांब पट्ट्या करून द्या", गर्दी नसेल तर देतात, मी तर सरळ लेगचं बोनलेस मागते. ब्रेस्ट पटकन कोरडं पडतं, लेग जरा जास्त शिजलं तरी माफ करतं. जिमवाली पोरं ब्रेस्टच मागतात, प्रोटीन मोजतात, तर शंभर ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये बावीस-तेवीस ग्रॅम असतं आणि लेगमध्ये थोडंसंच कमी, एवढ्यासाठी चव का सोडायची.

सॉस आधी वाटीत कालवून ठेवायचा, हे तुमच्या रेसिपीत बरोबर होतं, श्रेय द्यायलाच हवं. पण त्यात "सोया सॉस पाव वाटी आणि मीठ चवीनुसार" असं होतं! पाव वाटी? सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे पंधरा मिलीत, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहायला सांगते. घरात बीपीच्या गोळ्या खाणारं एक तरी माणूस असतंच. चार माणसांना दोन मोठे चमचे सॉस रग्गड, बाकी एक चमचा व्हिनेगर, चमचाभर गूळ किंवा साखर, भरपूर मिरपूड, अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि पाच-सहा चमचे पाणी. वरून मीठ बिलकुल नाही. कॉर्नफ्लॉवर तळाला बसतं म्हणून ओतायच्या आधी वाटी पुन्हा हलवायची, आणि सॉसला एक सणसणीत उकळी येऊ द्यायची, तेव्हाच तो दाट होतो आणि चकाकी येते.

भाज्यांमध्ये ब्रोकोली, बेबी कॉर्न, झुकिनी हे सगळं लिहायची काही गरज नाही. मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर जे मिळतं ते चालतं, फक्त क्रम पाळायचा. गाजर-फरसबी आधी, त्यांना दोन-तीन मिनिटं, मग कोबी, मग ढोबळी मिरची आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. आलं-लसूण मात्र सगळ्यात आधी नाही, कडकडीत तेलात ते लगेच जळतं आणि कडवट होतं. भाज्या अर्ध्या झाल्या की मध्ये जागा करून टाकायचं. शेवटी चिकन परत आत, सॉस, उकळी, हिरवी पात, गॅस बंद. सगळ्यात जाड पट्टी मोडून बघायची, आत गुलाबी दिसता कामा नये. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी ७४ अंश बघावं.

पोळीबरोबर छान लागतं, ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याहून छान, हे कोणी मान्य करत नाही पण खाऊन बघा. सकाळचा भात परतून घेणार असाल तर तो सकाळी गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये गेलेला असावा, दिवसभर ओट्यावर राहिलेला नको, त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

तर विनंती एवढीच की पुरवणीत रेसिपी छापताना "वेळ" लिहिता तिथे चिरण्याचा वेळ वेगळा लिहा. आणि "एक वाटी", "एक चमचा" म्हणजे कुठली वाटी, कुठला चमचा तेही लिहा, आमच्या घरात आमटीची वाटी वेगळी आणि श्रीखंडाची वेगळी. आठवड्याच्या मधल्या वारांसाठी एक छोटा कॉलम सुरू केलात तर फारच बरं, पुढच्या वेळी कोळंबीचं घ्या, तिला तर तव्यावर दोन-तीन मिनिटंच लागतात. फक्त सोलायचा वेळ धरा.

आपली नेहमीची वाचक,
सिंहगड रोड, पुणे