व्हॉल्व्हवाल्या काकांना

काका,
सादर नमस्कार.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो गिटारचा अ‍ॅम्प विकायला. तीस वॅटचा, सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, दहा इंची स्पीकरचा. त्याला माझं आवाज फाडणारं हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे ट्यूब स्क्रीमर, जोडलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज यायचा. ज्यांचं ऐकून पेडल घेतलं, त्या सगळ्यांनी एकच सेटिंग सांगितलं होतं: ड्राइव्ह, म्हणजे फाटण्याचं प्रमाण, शून्याजवळ; लेव्हल, म्हणजे बाहेर पडणारा आवाज, फुल. मी तेच करत होतो. एका दुकानदाराने तर सांगून टाकलं, ट्यूबचा, म्हणजे तुमच्या भाषेत व्हॉल्व्हचा, अ‍ॅम्प घेतल्याशिवाय हा आवाज निघणारच नाही. आईने भिशीचे पैसे द्यायचं कबूलही केलं होतं.

तुम्ही किंमत सांगितली नाहीत. म्हणालात, "आधी वाजवून तर दाखव बे."

ऐकून झाल्यावर तुम्ही एका जुन्या बिलाच्या पाठीवर दोन लाटा काढल्यात. एकीचा माथा हळूहळू गोलसर दबत गेलेला, दुसरीचा विळीवर कापल्यासारखा सपाट. "हा व्हॉल्व्ह, हा ट्रान्झिस्टर. व्हॉल्व्हला ढकललं की तो दबत दबत जातो, म्हणून कानाला गोड लागतो. ट्रान्झिस्टर हद्दीपर्यंत सरळ जातो आणि तिथं एकदम तुटतो. व्हॉल्व्हला द्यायचा धक्का तू याला देतोयस की." तुमच्या तोंडून 'ट्यूब' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे रेडिओ आणि मंडपाचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेल्या माणसाकडून तो यावा तरी कसा!

मग तुम्ही मलाच बटणं फिरवायला लावलीत. अ‍ॅम्प क्लीन चॅनलवर, म्हणजे तो स्वतः आवाज फाडणार नाही असा. पेडलची लेव्हल इतकीच, की ते चालू-बंद केलं तरी आवाज लहानमोठा होऊ नये. ड्राइव्ह अर्ध्याच्या पुढे. अ‍ॅम्पचं ट्रेबल उतरवलं, बेस थोडा चढवला. "फाडायचं काम पेडलला दे, अ‍ॅम्पला नुसतं मोठं करू दे," हे तुमचं वाक्य मी आजवर किमान दहा पोरांना सांगितलंय. बेस का चढवायचा, ते मला नंतर कळलं. हे पेडल खालचे सूर कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचे मधले सूर पुढे काढतं. तुम्ही ते नुसत्या कानाने ओळखलं होतंत.

डिलेचंही, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलचंही, तसंच. माझ्या अ‍ॅम्पला सेंड-रिटर्न, म्हणजे प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायची सोय, नाही याचं मला केवढं दुःख होतं! तुम्ही समजावलंत की अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, आवाज फाटत असेल, तर डिले त्याच्यानंतर लागतो, नाहीतर प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळा चिखल होतो. माझा अ‍ॅम्प क्लीन. ड्राइव्हच्या पेडलनंतर डिले जोडला की झालं.

शेवटी हम्म असा आवाज येतो म्हणून तक्रार केली, तेव्हा तुम्ही पेडल बाजूला ठेवून घरच्या बोर्डाची चौकशी केलीत. अर्थिंग नव्हतं. तुमचा चेहराच बदलला. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, वायरमन येऊन जाईपर्यंत तारेला हात लावायचा नाही, असं तुम्ही दरडावून सांगितलंत. त्या दरडावण्यासाठी आईनेही तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

मार्चमध्ये पुण्याला मित्राकडे खरा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मिळाला, ईएल ३४ जातीच्या व्हॉल्व्हवाला. मित्र बटण दाबणार इतक्यात मागे पाहिलं, तर स्पीकरची वायर निघालेली. "स्पीकर नसताना व्हॉल्व्हचा सेट चालू केलास तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल" हे तुमचे शब्द होते म्हणून त्याचा हात धरला. मग वायर लावून तेच जुनं सेटिंग केलं, ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल. काका, गायला तो अ‍ॅम्प! बिलामागची पहिली लाट मला तिथं ऐकू आली.

तरीही परत येऊन मी माझाच तीस वॅटचा अ‍ॅम्प लावला आणि मला काही कमी वाटलं नाही. ब्लूजचे गिटारवादक बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सीरीज एल-५ या अ‍ॅम्पवर वाजवत, तो सॉलिड स्टेटच. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ चा अ‍ॅम्पही तसाच, त्याच्या क्लीन आवाजासाठी लोक अजून तो शोधतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं मी माझ्या अ‍ॅम्पचा राग राग केला नसता.

भिशीचे पैसे आईकडेच राहिले. बाबा यंत्रमागावर असतात. दिवसभर खटखट ऐकून आलेला माणूस, माझं पेडल चालू झालं की खोलीचं दार ओढून घ्यायचा. हल्ली ते दार उघडं असतं.

तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत, चहासुद्धा तुम्हीच मागवलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. सोलापुरात गिटार वाजवणाऱ्या पोरांना कळू दे, की अ‍ॅम्प विकायच्या आधी कुणाला दाखवायचा.

तुमच्या फळीवरच्या त्या जुन्या मंडपाच्या सेटचे कपॅसिटर बदलून झाले, असा निरोप मिळाला. रविवारी गिटार घेऊन येतो. व्हॉल्व्ह तेवढे आधी तापवून ठेवा.

तुमचा,
हिरव्या पेडलवाला