आरोग्याच्या लेखावर तारीख तरी टाका

संपादक महोदय,
तुमचं आरोग्याचं पान आमच्या घरात सगळेच वाचतात, म्हणून सांगतोय. लेख कुठल्या डॉक्टरने तपासला आणि कधी, हे खाली छापत जा ना, कारण सल्ले बदलतात हो. बाळाला पालथं झोपवा असं एकेकाळी डॉक्टरच सांगायचे, पण त्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो हे लक्षात आलं आणि १९९० च्या दशकात सल्ला पार उलटा झाला, बाळ उताणंच झोपवायचं. आता तो जुना लेख कोणी फॉरवर्ड केला आणि त्यावर तारीखच नसली तर नव्या आईबापांनी ओळखायचं कसं?

दुसरं, "एक चमचा औषध द्या" असलं मोघम लिहू नका. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप सारखे नसतात, ड्रॉप्सच्या एका मिलीत औषध बरंच जास्त असतं, त्यात मुलांचा डोस ठरतो वजनावर. आणि "घरगुती आहे म्हणजे सेफ" हे तर नकोच, वर्षाखालच्या बाळाला साधा मधसुद्धा चालत नाही, बोटुलिझम नावाची जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात येऊ दे, कोपऱ्यातल्या दोन ओळी कोणी बघत नाही.

— एक वाचक