कबड्डीत शेवटची चढाई पूर्ण होते, मग फुटबॉलमधे कॉर्नर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फुटबॉलमधे रेफ्री मॅच नेमकी कधी संपवतो यावर आमच्याकडे कट्ट्यावर नेहमी वाद होतो म्हणून हे लिहितोय. हाफ संपताना वाया गेलेल्या वेळेची भरपाई दाखवणाऱ्या बोर्डवर ६ दिसले म्हणजे सहा मिनिटं झाली की शिट्टी वाजलीच पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो आकडा कमीत कमी वेळेचा असतो. बोर्ड चौथा रेफ्री धरतो पण आकडा मैदानावरचा रेफ्रीच ठरवतो, बदली खेळाडू, दुखापती, कार्डं, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं), गोलनंतरचा जल्लोष आणि मुद्दाम काढलेला टाईमपास हे सगळं धरून, आणि एकदा दाखवला की तो वाढवता येतो, कमी नाही करता येत. २०२२ च्या वर्ल्डकपला हा वेळ नीट मोजायचा ठरला तेव्हा इंग्लंड-इराण मॅचमधे पहिल्याच हाफला १४ मिनिटं मिळाली, कारण इराणच्या गोलकीपरच्या डोक्याला लागलं होतं. अगदी योग्य झालं.

माझी तक्रार आहे ती शेवटच्या क्षणाबद्दल. वेळ संपली तरी पेनल्टी पूर्ण होऊ द्यायची एवढंच नियमात आहे, बाकी कशालाच संरक्षण नाही. पेनल्टीसाठी किती थांबतात बघा, २०१८ मधे जर्मनीच्या बुंडेसलिगा लीगमधे माइन्झ-फ्रायबुर्ग मॅचला हाफटाईम होऊन खेळाडू ड्रेसिंग रूममधे गेले होते, व्हीएआरने हँडबॉल दाखवला, सगळ्यांना परत मैदानात बोलावलं आणि पेनल्टी घेतली, गोलही झाला!

आणि कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्यांकडून बॉल गोललाईनबाहेर गेला की कोपऱ्यातून मिळणारी किक? १९७८ च्या वर्ल्डकपला ब्राझील-स्वीडन १-१ असताना नेलिन्योने कॉर्नर मारला, बॉल हवेत असताना रेफ्री क्लाईव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजवली आणि झिकोने हेडरने बॉल जाळ्यात घातला तो गोल धरलाच नाही. तो धरला असता तर ब्राझील गटात पहिला आला असता आणि पुढच्या फेरीत अर्जेंटिनाच्या गटात गेलाच नसता, तिथेच गोलफरकावर त्यांची फायनल हुकली. मार्च २०२४ मधे व्हॅलेन्सियाविरुद्ध रियल माद्रिदचं तेच, २-२ असताना बाजूने गोलसमोर मारलेला क्रॉस येतोय आणि शिट्टी, रियलच्या बेलिंगहॅमचा हेडर आत गेला पण गोल नाही, वर वाद घातला म्हणून त्यालाच रेड कार्ड. नियमाने दोन्ही रेफ्री बरोबर असतील पण मला हे अजिबात पटत नाही.

आपल्या कबड्डीत वेळ संपली तरी चालू असलेली चढाई पूर्ण होऊ देतात, नियमातच आहे तसं. हॉकीतही पेनल्टी कॉर्नर पूर्ण होतो. मग फुटबॉलमधे का नको? एका कॉर्नरमधून दुसरा निघाला तर मॅच कधी संपणार असं कोणी म्हणेल, त्यावर उपाय सोपा आहे, बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेला किंवा मैदानाबाहेर गेला की शिट्टी, दुसरा कॉर्नर मिळणार नाही एवढं लिहून टाका.

नियम बदलणं आयएफएबी या फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्याच हातात आहे हे मान्य. पण आपल्याकडे जिल्हा पातळीवर रेफ्रींचे क्लास घेणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं की मॅच संपवायचीच असेल तर बॉल बाहेर गेल्या गेल्या लगेच संपवा, आणि कॉर्नर घ्यायला लावलात तर तो बॉल खाली येईपर्यंत थांबा.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर