१९५४ च्या निकालानंतर बंद पडलेल्या शाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविषयी आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा ते बहुतेक १७ मे १९५४ च्या निकालावर येऊन थांबतं. ‘ब्राऊन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा एकमताने घटनाबाह्य ठरवल्या, हे खरंच. पण ही लढाई उभी करण्यात शाळकरी मुलांचा केवढा वाटा होता आणि निकालानंतर त्यांनी काय भोगलं, हे वाचायला मिळत नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून मला ते फार लागतं.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) फार्मव्हिल नावाचं गाव आहे. तिथलं काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं. १९५१ मध्ये तिथे साडेचारशेच्या वर मुलं होती. त्यांच्यासाठी बाहेर लाकडी खोपटी उभारून वर डांबरी कागद ठोकला होता. पाऊस आला की छत गळायचं. हिवाळ्यात शेगडीजवळचं पोर भाजून निघायचं आणि कडेला बसलेलं कोट अंगात ठेवूनही कुडकुडायचं.

त्या वर्षी २३ एप्रिलला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने आणि तिच्या सोबत्यांनी खोट्या निरोपाचा फोन करवून मुख्याध्यापकांना गावात धाडलं, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत फिरवल्या आणि सगळी शाळा सभागृहात जमवली. पडदा सरकला तर मंचावर बार्बरा! शिक्षकांना बाहेर जायला सांगून तिने संपाची हाक दिली. मुलांना हवी होती धड इमारत. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी सांगितलं, दावा लावायचा तर वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायला लावू. पालकांनी होकार भरला. ‘ब्राऊन’मध्ये एकत्र झालेल्या पाच दाव्यांपैकी मुलांच्या संपातून निघालेला हा एकच. जिवाच्या भीतीने घरच्यांनी बार्बराला अलाबामात काकांकडे पाठवून दिलं.

दावा जिंकला, तरी शाळा लगेच एकत्र झाल्या नाहीत. १९५५ च्या आदेशात न्यायालयाने कसलीच मुदत घातली नव्हती, आणि टाळाटाळ करणाऱ्यांना तेवढं पुरलं. १९५९ मध्ये आता मुलं एकत्र बसवा असा हुकूम आला, तेव्हा काउंटीने शाळांना पैसा देणंच बंद केलं आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. गोऱ्यांनी आपली खासगी शाळा काढली, तिच्या फीला सरकारी अनुदानाचा हातभारही मिळाला. काळ्या मुलांना मात्र शाळाच उरली नाही. कोणी चर्चच्या तळघरात शिकलं, कोणाला आईबापांनी परगावी नातेवाइकांकडे ठेवलं, कित्येकांचं शिक्षण कायमचं सुटलं. १९६३ मध्ये देणग्यांवर मोफत शाळा निघाल्या. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला खडसावलं, तेव्हा कुठे सरकारी शाळा उघडल्या. पाच वर्षं! पहिलीच्या वयाचं मूल घरीच दहा वर्षांचं झालं, तर त्याला अक्षरओळख करून देताना काय होतं, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा.

अमेरिकी संसदेच्या इमारतीतून, यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या जनरल ली यांचा पुतळा व्हर्जिनियाने २०२० मध्ये हलवला आणि त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड केली. आपल्या वाचकांना, विशेषतः शाळकरी वाचकांना, तिचं नाव ठाऊक असायला हवं. पुढच्या १७ मेला या निकालावर काही छापणार असाल, तर फार्मव्हिलच्या संपाला आणि त्या पाच वर्षांना त्यात जागा द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर