आधी ‘प्ले’ (जोडातली ढिलाई) दाखवा, मग पार्ट बदला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा उलटला, की आमच्या जुन्नर तालुक्यातील गॅरेजांसमोर पिकअप गाड्यांची रांग लागते आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : गाडीच्या पुढून आवाज येतो. माझ्याकडे टोमॅटो आणि कांदा वाहणारी पिकअप गेली सात वर्षे आहे. नारायणगावच्या बाजारात वीस किलोचे साठ-सत्तर क्रेट उतरवून रिकामी गाडी घराकडे निघाली, की गतिरोधकावर डाव्या बाजूने ‘ठक’ असा कोरडा आवाज येई. भरलेली गाडी कमी उसळते आणि क्रेटच्या खडखडाटात काही ऐकूही येत नाही, त्यामुळे जाताना तो कधी जाणवला नव्हता. या एका आवाजापायी दोन गॅरेजांत मिळून साडेअकरा हजार रुपये गेले आणि आवाज जसाच्या तसा राहिला. पैसे गेल्याचे दुःख आहेच. परंतु माझी तक्रार निदानाच्या पद्धतीविषयी आहे, म्हणून हे पत्र.

पहिल्या ठिकाणी गाडी फिरवून न पाहताच दोन्ही शॉकअप बदलले. दुसऱ्या ठिकाणी लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे जोडातली रबरी अस्तरे, बदलले. दोन्हीकडे गाडी किती किलोमीटर झाली एवढेच विचारले गेले. आवाज नेमका केव्हा येतो, हे कोणीही विचारले नाही. वास्तविक निम्मे उत्तर तेथेच असते. कमी वेगात, लहानसहान खड्ड्यांवर सतत खुळखुळणारा आवाज बहुधा स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकचा किंवा शॉकअपच्या वरच्या रबराचा असतो. ब्रेक दाबताच एकच ठोका बसत असेल, तर आर्मचे बुश आणि ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सैल झाला आहे का, ते पाहावे. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ‘कट्’ होत असेल, तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांना जोडणारा गोळ्याचा सांधा), टायरॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक) किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरील जोड यांच्यावर संशय घ्यावा. गिअर टाकून गाडी हलताना बसणारा धक्का मात्र पुढून आल्यासारखा वाटला, तरी तो इंजिन माउंटिंगचा किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, असू शकतो. ज्या पिकअपला पुढेही कमानपाटे आहेत, तिच्यात शॅकल पिन (पाट्याचे टोक लटकवणारी पिन), तिचे बुश, यू-बोल्ट आणि किंगपिन (जिच्याभोवती चाक वळते ती पिन) हे आधी तपासावे लागतात.

माझ्या गाडीचा दोष सापडला तो आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या भाच्याला. त्याने गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि मला पुढच्या बंपरवर भार देऊन गाडी खाली-वर हलवायला सांगितले. स्वतः खाली आडवा पडून तो एकेका जोडावर बोटे ठेवत गेला. डाव्या लिंकपाशी येताच ‘मामा, थांबा’ म्हणाला, जागा बदलून मला खाली झोपवले आणि माझे बोट तेथे टेकवले. प्रत्येक हेलकाव्याला बोटावर बारीकशी टिचकी बसत होती. लिंकचा रबरी वॉशर झिजून पापडासारखा झाला होता. दोन्ही बाजूंची रबरे दोनशे रुपयांच्या आत आली आणि त्याच संध्याकाळी आवाज बंद झाला.

पुढे त्याने चाके उचलूनही तपासणी केली. जॅक कोठे लावायचा, हे मला तेव्हा प्रथमच कळले. स्प्रिंगचा भार ज्या आर्मवर येतो, त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ जॅक हवा. चासिसखाली (सांगाड्याखाली) लावला, तर जॉइंट ताणलेला राहून त्याचा ‘प्ले’ लपू शकतो. चाक वर-खाली धरून हलवले असता ढिलाई जाणवली, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून जाणवली, तर टायरॉड. दुसऱ्याने ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली, तर दोष बेअरिंगचा समजावा. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, स्टँड हवाच.) लिंकचे रबर गेल्याने आवाज होतो एवढेच, पण बॉल जॉइंट निखळला तर धावत्या गाडीचे चाक आडवे पडते. हा फरक गॅरेजवाल्याने ग्राहकाला सांगितला पाहिजे.

दुसऱ्या गॅरेजमध्ये बदललेले नवे बुश चार महिन्यांतच चिरले होते. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर, शेवटचे आवळायचे असतात. चाके लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली घेताच रबर पिळले जाते आणि तसेच पिळलेले राहते. काम करणाऱ्याचा हात चांगला होता, परंतु ही बाब त्याला कोणी सांगितली नसावी.

गतिरोधकांचाही यात वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आमच्या रस्त्यांवरचे पुष्कळसे हातभर रुंदीचे वरवंटे आहेत. ते सुधारतील तेव्हा सुधारोत.

गॅरेजचालकांच्या संघटनांना माझी विनंती आहे, की कोणताही भाग बदलण्यापूर्वी मालकाला सोबत घेऊन गाडी फिरवावी, ढिलाई त्याच्या हाताला दाखवावी, काढलेला भाग त्याच्याजवळ द्यावा आणि बिलावर ‘सस्पेन्शन काम’ असे मोघम न लिहिता कोणत्या बाजूचा कोणता जोड सैल होता, ते लिहावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. तेव्हा पुढच्या जोडांत आढळलेली ढिलाई परिवहन विभागाने बाजू आणि भागाच्या नावानिशी मराठीत लेखी दिली, तर तोच कागद घेऊन आम्हाला गॅरेजमध्ये जाता येईल.

आपला विश्वासू,
एक पिकअपमालक, ता. जुन्नर, जि. पुणे