आयोडाइडच्या बाटलीत मीठ

प्रति,
विक्री व्यवस्थापक

विषय: पोटॅशियम आयोडाइडच्या दोन बाटल्या बदलून मिळण्याबाबत

आज तुमच्या ऑफिसला चौथा फोन झाला. म्हणून आता लेखी कळवतो.

बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिससाठी (अनोळखी क्षार ओळखण्याच्या प्रॅक्टिकलसाठी) मागवलेल्या दोन्ही बाटल्यांवर लेबल आयोडाइडचं आहे, बॅच नंबरही एकच. एक फोडून तिच्या द्रावणात विरल नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट घातलं. यायला हवा पिवळा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, आला दह्यासारखा पांढरा, आणि विरल अमोनियात तोही विरघळला. हे क्लोराइडचं वागणं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. क्लोरीन वॉटर घालून कार्बन टेट्राक्लोराइडबरोबर हलवलं, खालचा थर जांभळा झालाच नाही. ज्योत मिठातल्या सोडियमसारखी गर्द पिवळी, कोबाल्टच्या निळ्या काचेतून पोटॅशियमची जांभळट छटाही दिसेना. आमच्या लॅब अटेंडंटने नळी खिडकीशी धरली आणि म्हणाले, "सर, हाई ते मीठ शे."

रिएजंटची चूक म्हणू नका. कपाटात तुमचीच पाच वर्षांपूर्वीची बाटली होती, तळाशी चमचाभर, हवेने किंचित पिवळसर पडलेली. तेच सिल्व्हर नायट्रेट, तेच डिस्टिल्ड वॉटर. पहिल्याच थेंबाला पिवळा अवक्षेप, अमोनियात ढिम्म हलला नाही. लेड अ‍ॅसिटेटचा पिवळा अवक्षेप पाण्यात उकळून विरघळवला, तर नळी निवताना सोनेरी चकत्या भुरभुरत खाली उतरल्या. पोरं श्वास रोखून बघत होती. असा माल तुम्ही एकेकाळी देत होतात.

तिसऱ्या फोनवर तुमच्या टेक्निकल विभागातल्या साहेबांनी आधी विचारलं, "सर, खानदेशात पाणी क्षाराचं असतं ना?" मी म्हटलं, डिस्टिल्ड वापरलंय, नुसत्या पाण्याची वेगळी परीक्षाही घेतली. मग म्हणाले, "अमोनियात विरघळला ना? म्हणजे आयोडाइडच." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. रसायनं विकणाऱ्या कंपनीचा माणूस वीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तरला उलटी परीक्षा शिकवतो! वर सल्ला दिला, "तोवर आयोडीनवालं मीठ वापरा, त्यातही आयोडीनच असतं." साहेब, आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, आयोडाइड नव्हे. ग्राहकाच्या हाती येताना त्यात आयोडीन किमान 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 15 भाग, असावं लागतं. बाकी सगळं क्लोराइड, म्हणजे अवक्षेप पुन्हा पांढराच. मी हे सांगत असतानाच फोन ठेवला गेला.

आजच्या फोनवर ऐकायला मिळालं, "फोडलेला माल परत घेत नाही." बाटली न फोडता परीक्षा कशी करायची? आयोडाइडचे पैसे घेतले आणि मीठ पाठवलं, एवढीच माझी तक्रार आहे. त्यापायी आमचं महागडं सिल्व्हर नायट्रेट सरावात वाया गेलं. बोर्डाचं प्रॅक्टिकल तोंडावर आहे. खेड्यावरून एस.टी.ने येणाऱ्या पोरांनी पांढरा रंग बघून क्लोराइड लिहिलं, त्यांचं उत्तर बरोबर होतं आणि मी त्यांना चूक दिली. हे मला फार लागलं आहे.

आठ दिवसांत बदली माल आणि बॅचचा तपासणी दाखला पाठवा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. धुळे, नंदुरबार, चोपड्याचे सहकारी दरवर्षी मला विचारून ऑर्डर देतात, त्यांनाही हे सांगेन.

फोडलेली बाटली सील करून ठेवली आहे, दुसरी तशीच बंद आहे. माणूस पाठवा, त्याच्यासमोर दोन्हींची परीक्षा करून दाखवतो.

रसायनशास्त्र विभाग,
कनिष्ठ महाविद्यालय, ता. अमळनेर, जि. जळगाव